हनियाची फुंकर

कैरवान शहरात मबरूकाइतका दाट गालिचा विणणारं दुसरं कुणी नव्हतं. पण मेल्या संधिवाताने तिची बोटं पार आखडून टाकली होती. दोन महिन्यांवर लेकीचं, सालिहाचं, बाळंतपण आलं होतं, आणि नातवंडाला आपल्या हातांनी उचलायचं एवढाच ध्यास तिने घेतला होता. नव्या इंजेक्शनने बोटं मोकळी होतात असं ऐकून मायलेकी दवाखान्यात आल्या होत्या.

डॉक्टर यामिनाने एक्स-रेवर पेन टेकवलं. "खाला, हा ठिपका जुन्या क्षयाचा. जंतू मरेनात, म्हणून तुमच्याच पेशींनी त्यांना घेरून ठेवलंय. काही पेशी तर एकमेकींत मिसळून एकच भली मोठी पेशी झाल्यात. पहाऱ्यावरच्या मरतात, नव्या येतात, पण वेढा उठत नाही. आतले अजून जिवंत असतील."

"जिवंत?" मबरूकाचा हात आपसूक छातीवर गेला.

"हो. आणि हे इंजेक्शन त्या पहाऱ्यालाच ढिलं करतं. वेढा फुटला की आधी तुम्ही, मग मांडीवरचं बाळ. घरात कुणाला होता क्षय?"

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," सालिहा फणकारली.

हे वाक्य मबरूकानेच तिला पढवलं होतं. क्षयाचं घर म्हटलं की पोरींची लग्नं अडायची, लोकांचं तोंड कोण धरणार? पण आत्ता बरगड्यांच्या आत कुणीतरी हळूच श्वास घेतल्यासारखं तिला वाटलं.

"माझ्या बहिणीला होता. हनियाला."

"मावशी तर लग्न होऊन लिबियाला गेली ना?"

"कसलं लग्न नि कसलं लिबिया. बाबाने मागच्या खोलीत कोंडली तिला. दार विटांनी बुजवलं, भाकरीपुरतं भोक ठेवलं. मी आठ वर्षांची. भोकाला तोंड लावून बसायचे. ती आतून फुंकर मारायची, मी ती गिळायचे. तोच आमचा खेळ."

यामिनाने गोळ्या पुढे ठेवल्या. "आधी या घ्यायच्या. आतलं सगळं मारायचं. महिन्याभराने इंजेक्शन."

"तिची गादी जाळली, कपडे जाळले. तिचं जिवंत असं एवढंच उरलंय," मबरूका म्हणाली. "तेही मारू?"

सालिहाने पोटावर हात ठेवला होता, त्या हाताकडे मबरूका बराच वेळ बघत राहिली. मग तिने पहिली गोळी कशीबशी उचलली.

"त्या विटांचा चिखल मीच कालवून दिला होता," ती म्हणाली, आणि गोळी गिळली.