सहा मीटरचा पाइप आणि मी

मित्रांनो, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळून बसलेली ही जुनी कापडी मोजपट्टी म्हणजे मी. अंगावर काळे-लाल आकडे छापून घेऊन कारखान्यातून निघाले, ती थेट शेतीच्या सरकारी कचेरीत आले. शेतात तळे खणणाऱ्याला सरकार अनुदान देते. तळ्याची प्रत्येक बाजू निदान वीस मीटर हवी, आणि ती भरली की नाही हे मी सांगायचे. असा मान कितीजणांच्या वाट्याला येतो?

माझे मोजणीदार भाऊसाहेब मला रोज रुमालाने पुसत. नऊ वर्षे आम्ही बांधाबांधाने हिंडलो. गेल्या महिन्यात एक वासरू खड्ड्यात घसरले आणि दोर काही सापडेना. भाऊसाहेबांनी मला दुहेरी करून त्याच्या पोटाखालून घातले आणि चौघांनी ओढले. वासरू वर आले! सगळ्यांनी माझे एवढे कौतुक केले की मी फुगून गेले. त्या ओढाताणीत माझे अंग ताणले गेले होते, ते मात्र माझ्या ध्यानातच आले नाही.

मग अर्जांचा शेवटचा दिवस उजाडला. एका मावशींनी आणि त्यांच्या सुनेने उन्हातान्हात उभे राहून तळे खणून घेतले होते. अनुदान आले तरच त्याला प्लास्टिकचे अस्तर मिळणार होते, नाहीतर सारे पाणी जमिनीत जिरणार. भाऊसाहेबांनी मला काठावर पसरले.

"एकोणीस साठ. चाळीस सेंटिमीटर कमी आहे, मावशी. नाही बसत."

सुनेचा चेहरा उतरला. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"मी वीस मोजूनच खणलंय."

"कशानं मोजलंत?"

"या पाइपांनी. तीन अख्खे पाइप आणि वर दोन मीटरचा तुकडा. पाइप दुकानातून सहा मीटरचाच येतो ना? घाला त्यावर तुमची टेप."

भाऊसाहेबांनी घातली. पाच अठ्ठ्याऐंशी. दुसरा पाइप, तिसरा पाइप, तेच.

"तिन्ही पाइप ठरवून बारा-बारा सेंटिमीटरनं आखडले म्हणायचे," सून म्हणाली.

मी तर लाजेने चूर झाले. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "वासराला ओढलं हिनं, तेव्हाच ही ताणली गेली. चूक माझी आहे, मावशी."

शेजारच्या गवंड्याची पोलादी टेप आली. वीस मीटर, अगदी नेमके. बांधावर बसूनच भाऊसाहेबांनी अर्जावर सही केली. मग वही उघडून ते गंभीर झाले. वासराच्या दिवसानंतर माझ्या शब्दावर आणखी तिघांना परत पाठवले होते.

"मला वाटा ठाऊक आहेत," म्हणत मावशी भाऊसाहेबांच्या मोटारसायकलवर मागे बसल्या. दिवस मावळायच्या आत ती तिन्ही तळी पोलादी टेपने पुरती वीस मीटर भरली. एका घरच्या आजोबांनी तर आनंदाने भाऊसाहेबांना मिठीच मारली. पिशवीत पडल्या पडल्या मला इतका आनंद झाला की काय सांगू!

कचेरीत नवी टेप आली आणि भाऊसाहेबांनी मला मावशींना देऊन टाकले; आता मी त्यांच्याच घरी असते. त्यांच्या नातीची उंची मोजते, आणि मावशी माझ्या आकड्यात एक बोट वाढवून सांगतात. मित्रांनो, मोजायच्या वस्तूला ओढायला लावू नका, तिला अधूनमधून तपासत जा. आणि कोणाचे काम कमी भरले असे वाटले, तर त्याला परत पाठवण्याआधी मला एकदा मोजून बघा. मी मुळीच रागावणार नाही.