गळ्यातली टेप

चाळीस वर्षं कपडे बेतणाऱ्या शिंपीमामांना गळ्यात टेप नसली की उघड्यानं फिरल्यासारखं वाटायचं. झोपेत बायकोनं ती काढून ठेवली, तरी ते दचकून उठायचे. जुनीवरचे आकडे पुसले गेले म्हणून ते नवी घ्यायला मोठ्या दुकानात गेले, टेप उलगडून पाहिली, गळ्यात टाकली आणि पैसे न देता तसेच दाराबाहेर पडले. पहारेकऱ्यानं तिथंच धरलं. आता चोर ठरले, तर शाळेचे गणवेश शिवायचं काम हातचं जाणार होतं.

वकीलबाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही गप्प बसा. बोलायचं काम माझं."

मामा ओठांना टाके घातल्यासारखे बसले. बाईंनी कोर्टात रंगवून सांगितलं, "साहेब, हे गृहस्थ टेप घालून आंघोळसुद्धा करतात. ही चोरी नव्हे, सवय आहे."

सरकारी वकील सावकाश उठले. "म्हणजे दुकानातली टेप गळ्यात घालून न्यायची आरोपीला सवयच आहे. साहेब, एवढं लिहून घ्यावं."

ते लिहून घेतलं गेलं.

"बाई, आता तरी बोलू का?" मामांनी हळूच विचारलं.

बाई नुसतेच कागद चाळत होत्या. "नको मामा. जे सांगायला नको होतं, ते मीच सांगून बसले."