अकरावी पाळी

टाकळीच्या चंद्रभानला एक गोष्ट सुचली आणि त्या गोष्टीने अकोल्यातला एक माणूस मोठा झाला. तो माणूस चंद्रभान नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कोणी आशेवर राहायला नको.

तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढत होते, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात घेतलेला माल तीस कोस हाकत अकोल्याला न्यायचा, तिथून तो पश्चिमेला आगगाडीकडे जायचा. या तीस कोसांना सहा-सात दिवस लागत. बैल चिखलात बसत, धुळीत खोकत, दर मुक्कामाला कोणीतरी बोऱ्यात हात घालून पसा-दोन पसे कापूस काढून घेई, आणि वजन भरावं म्हणून गाडी हाकणारा धुरकरी वरून पाण्याची घागर ओती. अकोल्याला पोचेतो कापसाची गोधडी झालेली असे.

टाकळी मूर्तिजापूरच्या अलीकडे, बरोबर वाटेच्या मध्यावर. चंद्रभान आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून या बैलबंड्या रोज पाहायचा. त्याच्याकडे एकच बैल होता. दुसरा महादेवरावचा. सहा वर्षं दोघांची सावड होती. याचा एक, त्याचा एक, अशी जोडी जुंपून आज याचं वावर, उद्या त्याचं. सावडीत कोणी कोणाला मजुरी देत नाही. कोणी किती दिवस दिले हे मोजतही नाही. मोजणाऱ्याला लोक हसतात आणि पुढच्या साली त्याला कोणी सावडीत घेत नाही.

एक दिवस चंद्रभान महादेवरावला म्हणाला, "बंडी थकते का रे?"

"बंडी काहून थकीन? लाकूड हाय ते."

"मंग बैल थकला म्हून बंडी काहून उभी करतेत हे येडे?"

बस. एवढंच. सहा कोसांवर एक गाव धरायचं, अशी पाच गावं. पहिल्या गावच्या जोड्यांनी बंड्या दुसऱ्या गावापर्यंत ओढायच्या, तिथे ताज्या जोड्या जुंपायच्या, आणि जुन्यांनी घरी येऊन आपल्या गोठ्यात कडबा खायचा. बैल परक्या मुक्कामाला राहणार नाही, बंडी उभी राहणार नाही, आणि उभीच नाही तर बोऱ्यात हात घालणार कोण? पाचही गावांत चंद्रभानची सोयरीक होती. तो गावोगाव हिंडला. "ही मोठी सावड समजा," म्हणाला. पण गावांना सावडीचा बदला काय? माल तर व्यापाऱ्याचा.

तो बदला शेषरावने दिला.

शेषराव म्हणजे चंद्रभानचा साडू. चंद्रभानची जमुना आणि शेषरावची माणिक सख्ख्या बहिणी. शेषराव तरुणपणी अकोल्याला गेला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एका अडत्याकडे काटा धरून राहिला, आणि कापूस तापला तसा आता स्वतःच माल घेऊ लागला होता. कार्तिकात तो टाकळीला आला, ओसरीवर बसून त्याने सगळं ऐकलं, आणि मांडीवर थाप मारली.

"साडूभाऊ, तुमी शेतात कशाले मरून राह्यले? तुमी तं पेढीवर पायजे होते!"

"पेढी तुही तुले लखलाभ. गावाले काय देतं ते बोल."

"दहा फेऱ्या माह्या मालाच्या. अकरावी फेरी गावांची. सगळ्या बंड्या पाच गावांचा कापूस घेऊन येतीन, आन् मी अकोल्याच्या भावानं इकून देतो. अडत नाई, दलाली नाई, छदाम नाई. झालं समाधान?"

ओसरीवरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकट्या शेतकऱ्याला अकोल्यात दलाल कसा सोलतो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. महादेवराव मात्र म्हणाला, "फेऱ्या मोजाले बंडीच्या दांडीवर खुणा करत जाऊ का? एक फेरी, एक खाच."

चंद्रभानला राग आला. "महादेवा, साडूसमोर खाचा करतं? सावड हाय का सावकारी?"

"तसं नाई गड्या, इसरते माणूस..."

"मी नाई इसरत," शेषराव हसत म्हणाला. "पण करा बावा खुणा. मी काही रुसत नाई."

त्याने असं म्हटलं म्हणूनच कोणी खुणा केल्या नाहीत. तो रुसला असता तर केल्या असत्या.

साखळी चालू झाली. पाच गावांनी आपल्या बंड्याही त्यातच घातल्या. सहा दिवसांची वाट तिसऱ्या दिवशी संपू लागली. कापूस कोरडा, पांढरा, बोरे जसेच्या तसे. शेषरावचा माल उतरला की काट्यावरची माणसं हात घालून पाहत आणि दुसऱ्याच्या मालापेक्षा चढा भाव बोलत. बंडीभाडं तर त्याला जवळजवळ लागतच नव्हतं. अकोल्यात लोक म्हणत, शेषरावचा बंदोबस्त पाहा. बंदोबस्त! तीस कोसांवर पाच गावांचे बैल फुकट ओढत होते, त्याला अकोल्यात बंदोबस्त म्हणत. कोणाचा खर्च वाचला की तो हवेत जात नसतो, दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन बसतो. पण गोठ्याचा वास पेढीवर येत नाही.

तरी खोटं कशाला बोलू, पहिली अकरावी पाळी त्याने चोख दिली. संक्रांतीच्या आधी पाच गावांचा पहिल्या वेचणीचा कापूस अकोल्याला गेला. एवढा पैसा त्या गावांनी कधी पाहिला नव्हता. कोणी बैलाच्या शिंगांना पितळी शेंब्या केल्या, कोणी बायकोच्या हातात गोठ. चंद्रभान वाटेने निघाला की म्हातारे खाटेवरून उठून बसत. मग सगळ्यांनी ठरवलं, दुसऱ्या वेचणीचा कापूस गावच्या बाजारात कोणी विकायचा नाही. थेट दुसऱ्या अकराव्या पाळीला. घरं कापसाने छतापर्यंत भरली. माणसं ओसरीवर झोपू लागली.

शिमगा तोंडावर आला तशी पाळी आली. शेषरावचा निरोप आला, अमरावतीत माल पडला आहे, एक फेरी पुढे ढकला. ढकलली. मग दुसरा निरोप, आणखी एक. तीही ढकलली. जमुना चुलीपाशी म्हणाली, "माही बहीण त्याच्या घरी हाय म्हून तो तुमचा भाऊ झाला का? इचारा ना त्याले."

"इचारलं की इश्वास गेला."

"आन् नाई इचारलं की कापूस जाईन."

तिसरी फेरीही त्याच्याच मालाची निघाली. तिच्या बंड्या टाकळीला जोड्या बदलायला थांबल्या तेव्हा चंद्रभान सहज एका बोऱ्याला टेकला. बोरा आत दबला. त्याने तोंड सोडून हात घातला. कापूस दाबलाच नव्हता. पाचोळा तसाच, सरकी तशीच, पाण्याने जड झालेला. शेषराव असा माल घेणारा नव्हता. ओल्या कापसावरून त्याने एकदा अमरावतीच्या माणसाला थोबाडलं होतं. चंद्रभानने धुरकऱ्याला विचारलं, "हे असं काहून भरलं?"

"शेठनं सांगतलं, जसा भेटीन तसा भरा, पण थांबू नका."

घरात ठेवायचा असतो तो कापूस माणूस निवडून भरतो. असा भरतो तो ज्याला तो घराबाहेर काढायचा असतो. चंद्रभान त्याच बंडीवर चढला आणि अकोल्याला गेला.

जुन्या शहरात शेषरावच्या वाड्याचं फाटक सताड उघडं होतं. आत आलेला माल उतरवून लगेच दुसऱ्याच्या बंड्यांत चढवला जात होता. वखारीत एक बोरा शिल्लक नव्हता, झाडून काढली होती. शेजारच्या वखारीत मात्र कापूस पायरीपर्यंत आला होता आणि तिथला अडत्या डोक्याला हात लावून बसला होता.

"काय झालं शेठजी?" चंद्रभानने विचारलं.

"काय झालं म्हणतोस? कुठून आलास? गोऱ्यांची लढाई मिटायला आली. महिना झाला, मुंबईहून तारांवर तारा येत आहेत. भाव रोज पडतो. आमचा माल वाटेतच मेला. तुमच्या शेषरावचं नशीब, त्याचा तिसऱ्या दिवशी येतो. जुन्या भावाने केलेले सगळे सौदे त्याने भरून टाकले."

महिना झाला.

चंद्रभान परत शेषरावच्या वखारीत आला. शेषराव काट्याजवळ उभा होता. त्याने साडूला पाहिलं, आणि त्याचा चेहरा जराही बदलला नाही. चंद्रभानच्या मनात तेवढंच सगळ्यात खोल गेलं.

"या साडूभाऊ. माणिक, पाणी आण वं."

"पाणी राहू दे. तुले तार आली तवा मले काहून नाई सांगतलं?"

शेषरावने माणसांना बाहेर पाठवलं. मग खाली आवाजात, अगदी समजावून सांगावं तसं बोलला. "सांगतलं असतं तं तू काय केलं असतं? पाच गावाले सांगतलं असतं. पाच गावानं आपापल्या बंड्या घेतल्या असत्या अन् आपला कापूस घेऊन पळाले असते. मंग माहा माल कोणं ओढला असता? माहे सौदे झालेले होते, भाऊ. माल आला नसता, तं मी उभा जळलो असतो."

"म्हून आमाले जाळलं."

"मी कोणाले जाळलं? भाव म्या पाडला का?"

"अकरावी पाळी आमची होती."

"आठ फेऱ्या झाल्या."

"बारा झाल्या!"

"कोणं मोजल्या?" शेषराव म्हणाला, आणि मग त्यालाच ते वाईट वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. "हे पाय, भांडू नको. तुही युक्ती लाखाची हाय, मी मानतो. तिनंच वाचवलं मले. आता असं कर, या पुढं सावड-फिवड नको. बैलजोडीमागं मजुरी लावतो, टप्प्याची रोख. झालेल्या फेऱ्यांचीही देतो. तू घेऊन जाय, गावाले वाट."

कोपऱ्यात माणिक पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, घ्या. जमुनासाठी तरी घ्या." तिचे डोळे रडलेले होते, म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

शेषरावने पुढे केलेल्या पैशांच्या थैलीकडे चंद्रभानने पाहिलं. ती घेतली की झालेली सगळी सावड भाड्याची होणार होती. पाच गावांनी त्याच्या शब्दावर बैल दिले होते, मजुरीवर नाही. मजुरीच पाहिजे होती तर ती त्यांनी पहिल्या दिवशीच मागून घेतली असती आणि ते आपला कापूस वेळेवर विकून मोकळे झाले असते.

"तुह्या पैशासाठी मी बैल हाकत नाई," तो म्हणाला आणि बाहेर पडला. पंधरा कोस पायी आला. तांब्यातलं पाणी घेतलं नाही.

टाकळीच्या पारावर पाचही गावांची माणसं जमली. चंद्रभानने काही लपवलं नाही. तार आली होती, शेषरावला ठाऊक होतं, आपल्याच बैलांनी त्याचा माल बाहेर काढला, आपला घरात राहिला. भाव अर्ध्याच्याही खाली आहे आणि अजून उतरतो आहे. "चूक माही हाय," तो म्हणाला. "उद्या सकाळी आपल्या बंड्या सोडवून घेऊ, जे भेटीन त्या भावानं इकू."

मग महादेवरावने विचारलं, "त्यानं मजुरी देतो म्हटलं?"

"हो."

"झालेल्या फेऱ्यांची?"

"हो."

"आन् तू नाई घेतली?"

"कशी घेऊ? सावड होती ती."

"सावड तुही अन् त्याची. आमचे तं बैल होते." महादेवरावचा आवाज चढला नव्हता. "आमची मजुरी नाई म्हणाले तू कोण? का घेतली अन् खिशात हाय?"

"महादेवा!"

"मोजाले गेलो तं साडूचा अपमान होते म्हणे. आता तू घेतली का नाई, किती घेतली, कोण मोजणार? साडू-साडू, दोघी बहिणी, एका घरातलं. आमी बाहेरचे."

चंद्रभानने आपलं पागोटं काढून पारावर ठेवलं. त्याला वाटलं, एवढ्याने तरी कोणी म्हणेल, राहू दे रे, चंद्रभान तसा नाही. सहा वर्षं ज्याच्या बैलाबरोबर आपला बैल चालला तो तरी म्हणेल. कोणी म्हटलं नाही. एकजण उठला, दुसरा उठला. पागोट्याला वळसा घालून गेले.

तिसऱ्या दिवशी शेषरावचा कारकून रोख घेऊन आला. गावोगाव थांबला. टप्प्याला एवढे, जोडीला एवढे. सगळ्यांनी घेतले. का नाही घेणार? कापूस घरात कुजत होता. साखळी पुन्हा चालू झाली, पहिल्यापेक्षाही नीट. आता तिला चंद्रभान लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव चंद्रभानच्या गोठ्यात आला आणि आपल्या बैलाचं दावं सोडू लागला.

"जोडी मोडतं?" चंद्रभानने विचारलं.

"बोरगावच्या एकाचा बैल हाय. त्याच्यासंगं जमवली."

"पेरणीले?"

"पेरणीले पाहू." महादेवराव दारात थांबला. "तुलेही घेतीन तो कारकून. एक बैल धरून कोणाशी जमव. पैसे रोख देते."

जमुनाने आतून सगळं ऐकलं होतं. ती उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "महादेवभाऊ, कारकुनाले सांगून देजा, या घरचा बैल सावडीत जातो. इकत नाई जात."

"सावड आता कुठं राह्यली, वहिनी?"

"तं गोठ्यात बसीन."

महादेवराव गेला. चंद्रभानने उरलेल्या बैलाला पाणी दाखवलं, मग घरात जाऊन कापसाचं एक गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि मूर्तिजापूरच्या बाजाराची वाट धरली. मागे घर छतापर्यंत भरलेलं होतं. एका माणसाच्या डोक्यावरून ते रिकामं व्हायला किती खेपा लागतील, हे तो पहिल्या खेपेपासून मोजू लागला.