भिंगरीचा जुना पासपोर्ट

मित्रांनो, माझा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे आणि अंगावर 'रद्द' असा शिक्का आहे. मी एका लहान मुलीचा जुना पासपोर्ट आहे. कापताना मला दुखले नाही. पण त्याआधीचे काही आठवडे मी इतका घाबरलो होतो की आजही ते आठवले की माझी पाने एकमेकांना घट्ट धरून बसतात.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. पाने शिवली गेली, वर जाड कव्हर चढले, मग आत एका बाळाचा फोटो छापला गेला. तो फोटो काढताना फोटोवाला अगदी रडकुंडीला आला होता म्हणे. बाळ क्षणभरही स्थिर बसेना. "ही मुलगी आहे की भिंगरी?" असे तो म्हणाला आणि घरात तेच नाव पडले. फोटोत भिंगरीच्या डोक्यावर जेमतेम चार केस आहेत आणि ओठांतून दोन दात डोकावत आहेत.

फोटोखाली दोन तारखा आहेत. एक माझ्या जन्माची, दुसरी माझी मुदत संपण्याची. माणसांना आपली शेवटची तारीख ठाऊक नसते. आम्हाला मात्र ती अंगावर घेऊनच जगावे लागते.

माझा पहिला प्रवास फार सुखाचा झाला. भिंगरीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, परदेशात मामाकडे राहतात. विमानतळावर ते शीळ घालत उभे होते. दोन आखूड, एक लांब. लांब शीळ शेवटी किंचित वर वळायची. विमानभर रडलेली भिंगरी ती शीळ ऐकून एकदम गप्प झाली. मला माझा पहिला शिक्का मिळाला होता आणि मी आईच्या पर्समध्ये ऐटीत बसलो होतो.

परतताना मात्र मी एक गोष्ट पाहिली. शेजारच्या रांगेत एका तरुणाला अडवले होते. "अहो, संपायला वेळ आहे अजून!" तो पुन्हा पुन्हा सांगत होता. काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "तुम्ही जिथे चाललात त्या देशाचा नियम आहे. तिथे पोचल्यावर पुढे सहा महिने पासपोर्ट चालू असायला हवा." तो तरुण बॅग ओढत मागे वळला. त्याचा पडलेला चेहरा माझ्या मनात बसला.

घरी आल्यावर आम्हा तिघांना एका पाकिटात घालून खणात ठेवले. वर बाबांचा पासपोर्ट, मध्ये आईचा, तळाशी मी. भिंगरी वाढत होती. तिचे आवाज मला खणातून ऐकू यायचे. माझ्या पानावर ती बाळच राहिली.

मग एके दिवशी खणावरच्या टेबलावर फोन ठेवून सगळे बोलत बसले. आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती.

"काही नाही गं, नळ तुंबलाय," आजोबा आईला म्हणाले. "प्लंबर उघडून बघणार. ए भिंगरे, शीळ शिकलीस म्हणे? वाजव की!"

भिंगरीचे पुढचे दात नुकतेच पडले होते. फुस्स!

"फोनवर कळत नाही बुवा. फोनवर माझ्यासुद्धा शिळेची उकळती किटली होते, नुसती वाफ. इथे ये आणि माझ्या कानात वाजव. पण ऑपरेशनच्या आधी हं. नंतरचं कोणी सांगावं?"

ते हसत होते. आई हसली नाही.

भिंगरीचे बाबा फार काळजी करणारे. कुलूप लावल्यावर जिन्यावरून परत येऊन ते ओढून बघणारे. त्यांनी लगेच आमचे पाकीट काढले, वरचा स्वतःचा पासपोर्ट उघडून तारीख पाहिली आणि मान डोलावली.

"भिंगरीचा बघितलास का रे?" आईने विचारले.

"अगं, तिघांचे एकाच दिवशी काढलेत. माझा अजून कितीतरी वर्षं चालतोय."

पाकिटाची चेन बंद झाली आणि माझ्या अंगावर काटा आला. मित्रांनो, लहान मुलांचे चेहरे भराभर बदलतात, म्हणून आमच्याकडे मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांच्या निम्मीच असते. माझे जेमतेम पाच महिने उरले होते! मला तो तरुण आठवला. मी ओरडणार तरी कसा? आजोबांच्या देशाचा व्हिसा तिथे पोचल्यावरच मिळतो, त्यामुळे आधी मला कोणी मागितलेही नाही. खण उघडला की वाटायचे, आता कोणीतरी मला बघेल. पण कोणी सुईदोरा नेला, कोणी कात्री. वर भिंगरी दिवसभर फुस्स फुस्स करत शिळेचा सराव करत होती. ती जितकी आनंदात, तितका मी गारठत होतो.

शेवटी तो दिवस आला. विमानतळावर काउंटरवरच्या ताईंनी बाबांचा पासपोर्ट पाहिला, आईचा पाहिला. मग मला उघडले आणि त्यांचा हात थांबला.

"मुलीचा चालणार नाही, मॅडम."

"चालणार नाही म्हणजे? चार महिने आहेत की!"

"तिथे सहा लागतात. आम्ही विमानात बसवलं तरी ते तिला तिथूनच परत पाठवतील."

बाबा बॅगेवरच मटकन बसले. "अहो, हिचे आजोबा... परवा ऑपरेशन आहे त्यांचं."

"मला कळतंय हो, दादा. पण माझ्या हातात नाही."

तेवढ्यात भिंगरीने हळूच विचारले, "आई, मी फोटो काढताना हलले होते म्हणून का?"

आईने तिला इतके घट्ट धरले की मधल्यामध्ये मी चुरगळलो. मग बाबा म्हणाले, "तू जा. मी हिच्याजवळ थांबतो." आई एकटी गेली. काचेपलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत भिंगरी हात हलवत होती.

दोन दिवसांनी आम्ही पासपोर्ट कचेरीच्या बाकावर बसलो होतो. तातडीचा अर्ज भरला होता. समोरच्या टेबलावर कात्री होती. ती माझ्यासाठी आहे हे मला ठाऊक होते, पण माझे लक्ष बाबांच्या फोनकडे होते. तो वाजला. आजोबांना आत न्यायची वेळ झाली होती.

"भिंगरे," आवाज फार बारीक होता, "किटली तर किटली. वाजव."

भिंगरीने ओठ जुळवले. शीळ आलीच नाही, नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा.

"ऐकू आली हं," आजोबा म्हणाले. "उरलेली समोर ऐकणार."

फोन बंद झाला. आमचा नंबर आला आणि माझा कोपरा कापला गेला.

काही दिवसांनी नवा पासपोर्ट भिंगरीला आणि बाबांना घेऊन गेला. मी रिकाम्या खणात पडून राहिलो. आजोबांचे काय झाले, हे मला सांगणारे कोणी नव्हते. अंधारात मी त्या कानाचा विचार करत होतो, ज्यात शीळ वाजायची राहिली होती. तो कान आहे ना? एवढेच मला हवे होते.

मग एका सकाळी कुलूप उघडल्याचा आवाज आला. पावले धावत आली, खण ओढला गेला, आणि माझ्यावर वाकून भिंगरीने शीळ घातली. दोन आखूड, एक लांब. लांब शीळ शेवटी किंचित वर वळली, अगदी आजोबांची वळते तशी. अशी वळवायला आजोबांसमोर बसूनच शिकावे लागते; म्हणजे तो कान आहे! माझी सगळी पाने सैल झाली.

तिने नवा पासपोर्ट माझ्या अंगावर ठेवला. मग सगळे पासपोर्ट उघडून तारखा मोठ्याने वाचल्या. आधी स्वतःची.

मित्रांनो, प्रवासाचा नुसता विचार निघाला तरी आधी आम्हाला उघडा. सगळ्यांना उघडा, तळाशी असलेल्या लहानग्यालासुद्धा. जिथे जायचे त्या देशाचा नियम विचारा. वर्षभराहून कमी मुदत उरली असेल, तर नव्यासाठी अर्ज करा. आमची तारीख आम्हाला ठाऊक असते हो, पण आम्हाला शीळ घालता येत नाही.