रक्तपेढीचं फडकं

प्रोग्रामरने ते फडकं दोन बोटांच्या चिमटीत उचललं, श्वास रोखला आणि कचऱ्याच्या डब्यात सोडलं. ते पडलं नाही. डब्याच्या कडेला चिकटत, सावकाश, मनाविरुद्ध गेल्यासारखं खाली उतरलं.

"ही रक्तपेढी आहे की गॅरेज?"

"साहेब, ते कुलूप होतं," भांडारातले आप्पा म्हणाले.

पेढीत संगणक दोन. एक आप्पांच्या भांडारात, एक खिडकीवर बसणाऱ्या ताईंकडे. दोन्हींवर युनिक्स ही संगणकप्रणाली, पण वेगवेगळ्या घराण्यांची. साठ्याची डेटाबेस फाइल मात्र सामाईक. एकाने नोंद उघडली की दुसऱ्याला अडवायला प्रोग्रामसोबतची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, कुलूप घालायची, पण या घराण्याचं कुलूप त्या घराण्याला दिसतच नसे. म्हणून बारा वर्षं नियम एकच: फडकं ज्याच्या हातात, त्यानेच नोंद करायची. ते कधी धुतलं नव्हतं, कारण धुवायला टाकलं असतं तर पेढी बंद पडली असती.

"आता नवी लायब्ररी टाकलीय. कुलूप आपोआप लागतं. तपासलंय मी."

"दोन्ही मशीनवरून?" ताईंनी विचारलं.

"माझ्या लॅपटॉपवर दोन्ही प्रोग्राम एकदम चालवून."

ताईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी छताकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी दुर्मीळ गटाची शेवटची पिशवी दोघांनी दोन रुग्णांच्या नावावर लावली. दोन्ही पडद्यांवर 'नोंद झाली' असं आलं. एका बाईला भूल द्यायची तेवढी राहिली होती. तिला तशीच वॉर्डात परत आणलं. तिची पिशवी दुसऱ्या कुणाच्या अंगात निम्मी गेली होती. तिचा नवरा खिडकीशी आला. तिथेच उभा राहिला.

प्रोग्रामरने डबा पालथा केला. कचरा सकाळीच गेला होता. मग त्याने खिशातून रुमाल काढला. पांढरा, आईने इस्त्री करून चौकोनी घडी घातलेला.

"हा चालेल?"

आप्पांनी तो उलटसुलट पाहिला. त्यात सणसणीत शिंकले, मान पुसली, आणि आत जाऊन त्या बाईसाठी दुसऱ्या पेढीतून निघालेल्या पिशवीची नोंद केली. बाहेर येऊन रुमाल पुढे धरला.

"घ्या. कालच्या शहाणपणानं झालेली दुबार नोंद तुम्हीच खोडा."

रुमाल ओला होता, कोमटही. प्रोग्रामर ताईंच्या खुर्चीत बसला, तो घट्ट मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने टाइप करू लागला.