गिळायला येताय की नाही?

मित्रांनो, मी एक जुना अल्बम आहे. काळी, गोल तबकडी. गोड, नाजूक गाण्यांची अपेक्षा असेल, तर आत्ताच सांगतो, तुमचा हिरमोड होईल. माझ्या अंगात ग्रूव्ह मेटल नावाचं संगीत आहे. गिटार गुरगुरतात, गायक घसा फाटेस्तोवर ओरडतो आणि ताल इतका जड, की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलू लागते.

माझा जन्म आमच्या बँडच्या ड्रमरच्या घरात, मागच्या खोलीत झाला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोरांनी घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना टेकवल्या होत्या. त्या खोलीला ते ऐटीत स्टुडिओ म्हणायचे. ड्रमरची आई म्हणायची, "स्टुडिओ कसला डोंबलाचा! आम्ही झोपायचं कशावर?"

माझ्या शेवटच्या गाण्यात एक जागा आहे. सगळी वाद्यं धाडधाड वाजता वाजता एकदम थांबतात. क्षणभर चिडीचूप, आणि मग पुन्हा तुटून पडतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी नेमकी त्याच शांततेत दाराबाहेरून आईची हाक आली, "अरे, गिळायला येताय की नाही?"

रेकॉर्डिंग करणाऱ्याने कपाळावर हात मारला. "पुन्हा घ्यावं लागणार," तो म्हणाला. ड्रमर मात्र हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात होता. "राहू दे रे! आमची आईच आहे ती." हाक राहिली. पण जेवायला कोणी उठलं नाही. आई ताटं झाकून वाट बघत बसली.

माझे ते दिवस काय सांगू तुम्हाला! कार्यक्रमात ती जागा आली, की सगळी गर्दी एका सुरात ओरडायची, "गिळायला येताय की नाही?" आई म्हणायची, "मेल्यांनो, चांगलं नाव काढलंत माझं!" पण गालातल्या गालात हसायची.

पुढे बँड मोडला. कोणी नोकरीला लागला, कोणी दूर निघून गेला. मग आई गेली. ड्रमरने मला पाकिटात घातलं, खिडकीपाशी तिरकं उभं केलं आणि पुन्हा हात म्हणून लावला नाही. मला वाजायची ओढ आणि त्याला ऐकायची भीती. उन्हाने माझी कड वाकली. त्या घरात आईचा आवाज आणखी कशातही उरला नव्हता, आणि मी धूळ खात पडलो होतो. फार वाईट वाटायचं हो.

परवा त्याची ताई आली. "मला आईला ऐकायचंय," ती म्हणाली.

"नको ना ताई. मला नाही झेपायचं."

"मग तू स्वयंपाकघरात जा."

तो खरंच गेला. ताईने मला मऊ कापडाने पुसलं आणि सुई टेकवली. वाकलेल्या कडेवर सुई उड्या मारू लागली. अर्धी गाणी अशीच अडखळत गेली. माझा जीव टांगणीला लागला. ती जागाच उडाली तर?

शेवटचं गाणं आलं. वाद्यं थांबली.

"अरे, गिळायला येताय की नाही?"

स्वयंपाकघरातून ड्रमरचा आवाज आला, "आलो गं आई!"

मग तो बाहेर आला, ताईजवळ बसला आणि लहान मुलासारखा रडला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ताई, परत लाव ना."

मित्रांनो, आम्हाला उन्हात ठेवू नका. अधूनमधून पुसा, वाजवा. आणि हो, मी ऐन रंगात असताना घरातून कोणी जेवायला हाक मारली, तर मला खुशाल मध्येच बंद करा. मी रुसणार नाही. मला पुन्हा पहिल्यापासून लावता येतं.