आवळलेला पॅसेज

स्वयंपाकघरातून बेडरूमकडे जाणारा आमचा पॅसेज आवळू लागला, तेव्हा मला पहिला संशय वन्संचा आला. धैर्यशीलची ही थोरली बहीण आमच्याकडे मिरजेला राहायला आली आणि दुसऱ्याच सकाळी पॅसेजमधून ताट तिरकं धरून न्यावं लागलं.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. सशाच्या रक्तवाहिनीची कडी द्रावणात टांगायची आणि त्यात एंडोथेलिन या पदार्थाचा थेंब सोडायचा, हे माझं काम. कडी हळूहळू आवळते. मग कितीही धुतली तरी लवकर सैल होत नाही. भिंती बघताच मी ओळखलं. कुणीतरी माझ्या पर्समधल्या कुपीतला थेंब लावला होता.

"वन्सं, माझ्या पर्सला हात लावलात?"

"मला काय करायचीय तुझी पर्स?" त्या पोह्यांत मीठ घालत होत्या. घालतच होत्या.

दुपारी मोरीतून पाणी जाईना. तेही मला नवीन नव्हतं. हाच थेंब मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला लागला, की ती एक हार्मोन सोडते. मग शरीर मीठ धरून ठेवतं आणि मिठापाठोपाठ पाणीही. धैर्यशीलला बीपी आहे. तो बेडरूममध्ये झोपून होता आणि पाणी त्याच्या गादीला लागलं होतं.

मी फडकं घेऊन भिंती पुसायला लागले.

"ऊर्मिला, पुसू नकोस," तो आतून म्हणाला. "तू पुसतेस तेव्हाच त्या सरकतात."

"कोण म्हणालं?"

"आक्का."

वन्सं त्याच्या बाजूला कधी गेल्या, मला दिसलं नव्हतं. मी फडकं टाकलं आणि भिंतीकडे नुसती बघत राहिले. कुणाचा हात नव्हता, तरी रंगातून बारीक थेंब फुटत होते. रक्तवाहिनीचं अस्तरच हा पदार्थ बनवतं, बाहेरून कुणाला आणावा लागत नाही. हे मी दरवर्षी मुलांना शिकवते.

"भिंतीचा रंग कुणी निवडला होता?" आतून वन्संनी विचारलं.

"हिनेच," धैर्यशील म्हणाला.

पॅसेजची आता फट झाली होती. त्याचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

"हात दे, ओढते तुला," मी म्हणाले.

फटीतून एकावर एक असे दोन हात बाहेर आले. दोन्ही सारखेच सुजलेले, पांढरे, नखं मांसात बुडालेली.

"धर," दोघंही म्हणाले.